जुनापाणीचे खळगे कसे वाचायचे?

नागपूरहून काटोल रोडनं निघालं की शहर मागे पडता पडता जुनापाणी येतं. तिथल्या माळावर मोठ्या काळ्या दगडांची रिंगणं आहेत. ही शिळावर्तुळं विदर्भातल्या लोहयुगीन लोकांनी साधारण इ.स.पू. 1000 ते 300 या काळात मृतांसाठी रचली. त्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे छोटे गोल खळगे ठोकून केलेले आहेत, बरेचदा ओळीनं.

मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या शैलचित्रांत हरीण, शिकारी, नाचणारी माणसं पाहताक्षणी ओळखू येतात. तिथल्या वालुकाश्मात छत असलेल्या कपारी तयार होतात आणि गेरूचा रंग त्याच्या छिद्रांत मुरून टिकतो. जुनापाणीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, उघड्यावर पापुद्रे सोडतो, त्यावर रंग टिकणं अवघड. शिवाय इथे आकृतीच नाही. सगळे खळगे जवळपास सारखे. मग निरोप असलाच, तर तो कशात? संख्येत, रांगेत आणि दिशेत.

रिव्हेट-कर्नाक या इंग्रज अधिकाऱ्याला हे खुणावलं होतं. कुमाऊँ आणि युरोपातल्या खळग्यांशी तुलना करून, तारायंत्राच्या लघु-दीर्घ खुणांसारखी ही एखादी लिपी असेल का, असा प्रश्न त्यानं 1870च्या दशकातच मांडला. अलीकडे 56 वर्तुळांच्या पाहणीत खळग्यांचे तीन गट आढळले आणि प्रत्येक गट वर्तुळाच्या केंद्रापासून ठरावीक दिशेला असल्याचं दिसलं. संशोधकांनी त्याचा संबंध दिनदर्शिकेशी जोडला. हा तर्क आकर्षक आहे, पण तो ताडून पाहायला हवा, आणि ते कुणालाही जमेल.

आधी खळगा माणसाचाच आहे ना, ते बघा. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूमुळेही बेसॉल्टला भोकं पडतात, पण ती वेडीवाकडी, लहानमोठी आणि कशीही विखुरलेली असतात. ठोकलेल्या खळग्याचा काठ गोल आणि उतार सगळीकडून सारखा असतो. दुपारच्या उन्हात तो दिसतच नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात, नाहीतर बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून पाहा. खळग्यात खडू भरू नका. खडू भरणाऱ्याला जे वाटलं तेच पुढच्यांना दिसत राहतं, आणि पृष्ठभागही खराब होतो.

दिशा मोजताना सगळ्यात मोठी फसगत होकायंत्राची. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे दगडावर ठेवलेली सुई भरकटू शकते. दगडापासून लांब, वर्तुळाच्या मध्यावर उभं राहून मोजा आणि जीपीएसनं पडताळा.

आता आकडे. नागपूरच्या अक्षांशावर सूर्य वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त 25 अंश सरकून उगवतो. म्हणजे उत्तरेपासून मोजलं तर सूर्योदय साधारण 65 ते 115 अंशांत आणि सूर्यास्त 245 ते 295 अंशांत. त्याबाहेरच्या दिशेला सूर्योदय-सूर्यास्ताचा अर्थ चिकटवता येत नाही. तिथे ताऱ्यांचा विचार करावा लागेल, पण आजचं आकाश पाहून नव्हे: पृथ्वीच्या अक्षाच्या डुलण्यामुळे ताऱ्यांच्या जागेत दर 72 वर्षांना सुमारे एक अंश, म्हणजे 2,500 वर्षांत जवळपास 35 अंशांचा फरक पडतो.

हा सगळा हिशेब दगड मूळ जागी असेल तरच. शेत सपाट करताना, मुरूम काढताना किंवा रस्ता करताना दगड थोडा जरी फिरला, तरी खळगे शाबूत राहतात आणि दिशा कायमची जाते. म्हणून नोंद करताना दगड जमिनीत रुतलेला आहे की नुसता टेकलेला, हे आधी लिहा. टेकलेल्या दगडाच्या खळग्यांची संख्या आणि मापं घ्या, त्याची दिशा मात्र हिशेबात धरू नका.