निःशस्त्र प्रतिकार (गोवा)

हाती शस्त्र न घेता कायदा मोडणे आणि त्याची शिक्षा भोगणे, याला हिंदुत्ववादी राजकारणात रुळलेले नाव. वरवर पाहता हा सत्याग्रहच. पण नाव मुद्दाम वेगळे ठेवले होते. १९३८-३९ साली हिंदू महासभेने निझामाच्या हैदराबाद संस्थानात जथे पाठवले, तेव्हा त्या लढ्याला ‘भागानगरचा (म्हणजे हैदराबादचा) निःशस्त्र प्रतिकार’ म्हटले गेले. (नथुराम गोडसे त्यातल्याच एका तुकडीबरोबर तुरुंगात गेला होता.) गांधींच्या सत्याग्रहात अहिंसा हे व्रत असते आणि समोरच्याचे मन पालटणे हे ध्येय. निःशस्त्र प्रतिकारात असले काही गृहीत धरलेले नसते. शस्त्र नाही किंवा आज परवडत नाही, एवढेच त्याचे कारण. वि. दा. सावरकर सापेक्ष अहिंसा मानत, आत्यंतिक अहिंसा नाही. ‘सहा सोनेरी पाने’मध्ये त्यांनी अशा अतिरेकी सद्गुणाला ‘सद्गुणविकृती’ हा शब्द वापरला आहे.

तत्त्व असे असले तरी व्यवहारात या मंडळींनी हे साधन वारंवार उचलले. डिसेंबर १९४८ मध्ये संघाने गांधीहत्येनंतर आलेल्या बंदीविरुद्ध सत्याग्रह केला, १९५३ मध्ये जनसंघाने जम्मूच्या प्रश्नावर केला. या डावपेचाची खरी कसोटी मात्र गोव्यात लागली.

गोव्यातला पहिला जाहीर कायदेभंग हिंदुत्ववाद्यांचा नव्हता. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि गांधींनी ‘हरिजन’मधून त्यांची पाठराखण केली. पुढच्याच वर्षी विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आदी तरुणांनी आझाद गोमंतक दल काढून शस्त्राची वाट धरली. म्हणजे साधनांचा वाद बाहेरून आला असे नाही. तो गोमंतकीयांच्या घरातच होता. पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगीजांचे, राज्य अर्ज-विनंत्यांनी जाणार नाही, याविषयी दोन्ही बाजूंना शंका नव्हती.

१९५४ साली पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी या नावांबरोबर तीत समाजवादी, साम्यवादी, हिंदू महासभा आणि जनसंघ असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला सीमेवर जमलेल्या बिगरगोमंतकीयांना भारत सरकारने अडवले. मग आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली मूठभर गोवेकर तेरेखोलच्या किल्ल्यावर गेले व त्यांनी तिरंगा फडकवला. गोवा ही ख्रिस्ती पोर्तुगीज भूमी आहे, असे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जगाला सांगत होता. त्याला उत्तर देणारे हे नेतृत्व ख्रिस्ती होते, ही गोष्ट आजच्या हिंदुत्ववादी कथनात फारशी येत नाही. त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा आणि पीटर आल्वारिस हे नेतेही ख्रिस्तीच होते.

याच उन्हाळ्या-पावसाळ्यात दादरा आणि नगर हवेली या पोर्तुगीज मुलखांत वेगळाच प्रयोग झाला. २२ जुलै १९५४ रोजी युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सने दादरा घेतले, नंतर आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक पुढे सरकले व २ ऑगस्टला सिल्वासा पडले. पुण्याहून निघालेल्या तुकडीत राजाभाऊ वाकणकर, नाना काजरेकर, बाबासाहेब पुरंदरे होते. पैसा उभा करण्यात सुधीर फडके पुढे होते आणि लता मंगेशकरांनी त्यासाठी पुण्यात कार्यक्रम केला. इथे सत्याग्रहाचे नावही नव्हते. मोजक्या बंदुकांनी काम भागले, कारण चहूबाजूंनी भारतीय मुलूख होता आणि दमणहून कुमक येऊ शकत नव्हती. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. सशस्त्र सैन्याला वाट देण्यास भारत बांधील नाही, असा निकाल १९६० मध्ये लागला.

गोव्याला समुद्र होता, बंदर होते, फौज होती. तिथे हवेलीची पुनरावृत्ती शक्य नव्हती, आणि हे संघ-जनसंघाने ओळखले. मे १९५५ मध्ये गोरे आणि सेनापती बापट आत शिरले, त्यापाठोपाठ जनसंघाचे जगन्नाथराव जोशी तुकडी घेऊन गेले. मार खाल्ला, आग्वादच्या तुरुंगात गेले, हात उगारला नाही. अहिंसेवर श्रद्धा नसलेल्यांनी ती इतक्या काटेकोरपणे पाळली, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण हेतू पोर्तुगीजांचे हृदयपरिवर्तन हा नव्हता. दिल्लीला लाज वाटून सैन्य पाठवावे लागेल, हा होता. प्रतिकार पणजीपुढे आणि दबाव नेहरूंवर.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी तीन हजारांहून अधिक सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी सीमेवर उतरले. पत्रादेवीला आणि अन्यत्र गोळीबार झाला, वीसहून अधिक माणसे गेली. त्यांत पंजाबचा तरुण करनैलसिंग बेनिपाल होता, उज्जैनचे संघ स्वयंसेवक राजाभाऊ महाकाळ होते. सरसंघचालक गोळवलकरांनी पोलीस कारवाईची मागणी केली. नेहरूंनी उलट केले: सामुदायिक प्रवेश थांबवला, गोव्यातील वकिलात बंद केली आणि आर्थिक नाकेबंदी चालू ठेवली. टीकाकारांना हा दुबळेपणा वाटला. नेहरूंची अडचण अशी की अहिंसेने सुरू झालेले आंदोलन सरकारला युद्धात ओढू पाहत होते, आणि ती मागणी करणाऱ्यांत गांधींच्या वाटेवर कधी न चाललेले लोक पुढे होते. शेवटी डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य पाठवले ते नेहरूंनीच. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला आणि अहिंसेचा जप करणारा देश बळ वापरतो, असे टोमणे पाश्चात्त्य देशांकडून ऐकू आले.

मुक्तीनंतर हा वाद बरीच वर्षे थंड होता, कारण गोव्याचे राजकारण महाराष्ट्रातील विलीनीकरण, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल यांभोवती फिरत राहिले. १९८० मध्ये भाजपने ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला, तो शब्दही इथल्या मतदारापर्यंत फारसा पोचला नाही. गोव्याच्या विधानसभेत पक्षाला पहिल्या चार जागा मिळाल्या त्या १९९४ साली. एप्रिल २००२ मध्ये मात्र पणजीतल्या राष्ट्रीय कार्यकारिणीत गुजरात दंगलींनंतर नरेंद्र मोदींनी देऊ केलेला राजीनामा पक्षाने नाकारला. आठवडाभरापूर्वी अहमदाबादेत राजधर्माची आठवण देणाऱ्या वाजपेयींनी इथल्या भाषणात गोध्र्याच्या आगीचा मुद्दा पुढे आणला. हिंसेविषयी पक्षाची भाषा बदलल्याची ही जागा म्हणून पणजीचे नाव घेतले जाते, गोव्याचा त्याच्याशी काही संबंध नसला तरी. पुढे २०१२ पासून फोंड्याजवळच्या रामनाथीला हिंदू जनजागृती समितीची अखिल भारतीय अधिवेशने भरू लागली. त्यांत अहिंसेचा वाद उरलेला नाही, हिंदू राष्ट्राचा ठराव असतो.

१९५५ चा विषय पुन्हा वर आला तो ८ फेब्रुवारी २०२२ रोजी. राज्यसभेत बोलताना पंतप्रधान मोदींनी, सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या जात असताना नेहरूंनी सैन्य पाठवले नाही आणि गोवा पंधरा वर्षे गुलामीत राहिला, असा आरोप केला. सहा दिवसांनी गोव्यात मतदान होते. काँग्रेसने १९६१ ची आठवण करून दिली. १९५५ मध्ये परस्परविरोधी पक्ष एकाच समितीत होते, हे दोन्ही बाजूंनी सोडून दिले.

सत्याग्रही आणि शस्त्रधारी यांच्यातला फरक तुरुंगाने सर्वांत कठोरपणे पाळला. जगन्नाथराव जोशी, गोरे, मधू लिमये आदी भारतीय सत्याग्रही १९५७ च्या सुरुवातीला सुटले. सावरकरांच्या प्रेरणेने गोव्यात शिक्षक म्हणून आलेले आणि आझाद गोमंतक दलात गेलेले मोहन रानडे ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली, लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात रवानगी झाली. गोवा मुक्त झाला तरी ते तिथेच होते. सुधीर फडके यांच्या पुढाकाराने सुटकेसाठी समिती झाली, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला आणि रानडे १९६९ साली मायदेशी परतले.