चार मटार दे बरं

माझी भाची चिऊ साडेतीन वर्षांची आहे आणि तिला वीसपर्यंत आकडे येतात. पाहुणे आले की तिला सोफ्यावर उभं करतात, ती एका दमात वीस गाठते, पंधरा-सोळाच्या आसपास जरा घसरते, तरी टाळ्या मिळतात. जानेवारीत माहीमला ताईकडे आम्ही सगळे मटार सोलत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "चिऊ, मला चार मटार दे बरं." तिने मूठभर उचलून माझ्या तळहातावर ठेवले. "हे चार आहेत?" "हो." "मोजून बघ." तिने एकेका दाण्यावर बोट ठेवत मोजलं, एकही न गाळता, अकरापर्यंत. "मग चार आहेत ना?" "हो!" आणि माझ्याकडे असं बघितलं की मामाला इतकंही कळत नाही.

ताईचा चेहरा पडला. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवरची जाहिरात बघून तिने एक महागडं खोकं मागवलं होतं. घरच्या घरी खेळातून शिक्षण, दर आठवड्याला नवी थीम: समुद्र, अंतराळ, डायनासोर, शेत. 'तिसऱ्या वर्षी शंभरपर्यंत' असं त्याच्यावर छापलेलं. "एवढं करून हिला चार कळत नाहीत?" असं ती म्हणाली आणि तिथूनच हा लेख सुरू झाला. कारण चिऊचं काही बिघडलेलं नाही. ती अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी वागते आहे.

आकडे म्हणता येणं आणि आकडा कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'चार मटार दे' हीच चाचणी करेन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांवर केली आणि १९९० व १९९२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांपुढे खेळण्यांचा ढीग ठेवायचा आणि म्हणायचं, एक दे, दोन दे, तीन दे. दिसलं ते असं, की मुलं आकडे एकगठ्ठा शिकत नाहीत. आधी मुलाला फक्त 'एक' कळतो. एक माग, बरोबर एक देईल. दोन, तीन, पाच, काहीही माग, मूठ भरून देईल. काही महिने असेच जातात. मग 'दोन' कळतो. पुन्हा काही महिने. मग 'तीन'. आणि त्यानंतर एक गंमत होते. चार, पाच, सहा हे एकेक करून शिकावे लागत नाहीत, सगळे जवळपास एकदमच उघडतात. मोजताना जो शेवटचा शब्द तोंडातून निघतो तोच 'किती'चं उत्तर, हे मुलाला उमगलेलं असतं. मोजणी यायला लागल्यापासून इथवर यायला सुमारे वर्ष जातं, आणि बरीचशी मुलं साडेतीन ते चारच्या दरम्यान पोहोचतात. चिऊ त्या दिवशी 'दोनवाली' होती. दोन मागितले की दोनच द्यायची, तीन म्हटलं की मूठ.

इतका वेळ का लागावा? 'लाल' शिकवायचं तर टोमॅटो दाखवता येतो. 'चार' कुठे दाखवणार? चार मटारांपैकी एकही मटार 'चार' नसतो. चार हा मटारांचा गुण नाहीच, तो घोळक्याचा गुण आहे, आणि एक मटार कोणी खाल्ला की तो नाहीसा होतो.

आता माझ्या आवडीचा भाग. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ लोकलच्या डब्यात चढावं, ती पुढे आहे.

बाळ जन्मतः पाटी कोरी घेऊन येत नाही. संख्येसाठी त्याच्याकडे दोन जुनी यंत्रं असतात, आणि दोन्ही अर्धवट. पहिलं यंत्र नेमकं आहे पण फार छोटं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दहा-बारा महिन्यांच्या बाळांसमोर दोन डब्यांत एकेक करून बिस्किटं टाकली आणि बाळ कुठल्या डब्याकडे रांगत जातं ते बघितलं. एक विरुद्ध दोन, बाळ दोनाकडे. दोन विरुद्ध तीन, तीनाकडे. पण दोन विरुद्ध चार ठेवले की बाळ गोंधळलं, इकडेही जाई, तिकडेही जाई. फरक तर मोठा होता! म्हणजे प्रश्न फरकाचा नव्हता. मेंदू एका वेळी तीनेक वस्तूंवर जणू बोट ठेवून लक्ष ठेवतो: ही एक, ही एक, ही एक. चौथीसाठी बोटच उरत नाही, आणि सगळा हिशेब कोलमडतो. मोठ्या माणसांतही याच्या खुणा सापडतात. टेबलावर तीन नाणी पडली तर आपण मोजत नाही, बघताक्षणी कळतं. सात पडली तर मोजावी लागतात.

दुसरं यंत्र मोठ्या संख्यांचं, पण ढोबळ. सहा महिन्यांच्या बाळाला ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक कळतो, ८ आणि १२ मधला कळत नाही. नऊ-दहा महिन्यांचं झालं की ८ आणि १२ मधलाही कळतो. इथे महत्त्व वजाबाकीला नाही, गुणोत्तराला आहे. १:२ आधी कळतं, २:३ नंतर. हातात अर्धा किलो आणि पाऊण किलो यांतला फरक कळतो पण दहा किलो आणि सव्वादहा किलो यांतला कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. वेबरचा नियम म्हणतात त्याला. या यंत्रात संख्या म्हणजे बिंदू नसतो, डोंगरासारखा पसरट उंचवटा असतो, आणि संख्या वाढत जाईल तसतसा तो रुंदावत शेजारच्या उंचवट्यावर कलंडतो. त्यामुळे सात आणि आठ यांचे उंचवटे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की 'आठ म्हणजे सातापेक्षा बरोबर एकाने जास्त' हे वाक्य या यंत्राला बोलताच येत नाही.

आता अडचण दिसली? नेमकं यंत्र तिनाला थांबतं. मोठ्या संख्यांचं यंत्र नेमकं नाही. 'सात' ही नेमकी आणि मोठी संख्या दोघांच्याही आवाक्याबाहेर आहे. मधल्या दरीवर पूल बांधायला माणसाच्या पोरापाशी तिसरी वस्तू असते, ती म्हणजे 'एक दोन तीन चार' हे निरर्थक बडबडगीत. सुझन कॅरी या मानसशास्त्रज्ञ बाईंचा सिद्धांत असा, की मूल आधी हे गाणं अर्थाशिवाय पाठ करतं, रिकाम्या खुंट्यांची रांग लावावी तसं. मग पहिल्या तीन खुंट्यांवर छोट्या यंत्राच्या मदतीने अर्थ टांगला जातो. आणि मग कधीतरी लक्षात येतं की गाण्यात एक शब्द पुढे जाणं म्हणजे ढिगात एक वस्तू वाढणं. या सिद्धांतावर वाद आहेत. मला तो आवडतो, कारण त्यात पाठांतराला दुष्ट ठरवलेलं नाही. सोफ्यावरची चिऊ खुंट्या ठोकत होती. टाळ्या मात्र जरा लवकर वाजल्या.

घरी काय करावं, तर पहिली गोष्ट अगदी फुकटची आहे. नुसतं 'एक दोन तीन चार' मोजून थांबू नये आणि नुसतं 'चार लाडू' म्हणूनही थांबू नये, दोन्ही जोडावं: "चार लाडू. बघ, एक, दोन, तीन, चार." साडेतीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या २०१२ च्या एका प्रयोगात नुसत्या मोजणीने किंवा नुसत्या नावाने फारसं काही झालं नाही, दोन्ही लगोलग ऐकणाऱ्या मुलांनाच फायदा झाला. अमेरिकेतल्या ४४ कुटुंबांच्या घरी प्रत्येकी पाच वेळा, दर वेळी दीड तास चित्रण केलं, तेव्हा एका घरात आईवडिलांच्या तोंडून आकड्यांचे शब्द एकूण ४ वेळा आले, दुसऱ्या घरात २५७ वेळा. ज्या घरांत ते जास्त आले तिथल्या मुलांना पुढे चौथ्या वर्षाच्या आसपास आकड्यांचे अर्थ जास्त चांगले कळत होते. (यात आईवडिलांचा गुण किती आणि शब्दांचा किती, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही, हेही सांगायला हवं.) कपड्यांचे चिमटे, पोळ्या, जिन्याच्या पायऱ्या, लिफ्टचे मजले, काहीही चालतं. मात्र तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती चिंचोके, मणी, कच्चे वाटाणे देऊन पाठ फिरवू नये. नाकात जातात, आणि चिंचोके, वाटाणे तर आत फुगतात.

आता लोकल.

खोक्यातला डायनासोर आठवड्यात माळ्यावर गेला, म्हणून मी आणि चिऊने आमची थीम काढली. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं एका रांगेत चिकटवली आणि त्यावर दहा चौकोन आखले. १ चर्चगेट, २ मरीन लाइन्स, ३ चर्नी रोड, ४ ग्रँट रोड, ५ मुंबई सेंट्रल, ६ महालक्ष्मी, ७ लोअर परळ, ८ प्रभादेवी (आजी अजून एल्फिन्स्टनच म्हणते), ९ दादर, १० माटुंगा रोड. काडेपेटी ही गाडी. फासा नाही, कारण सहा म्हणजे दोनवालीसाठी धुकं. रुपयाचं नाणं उडवायचं. छापा आला तर एक घर, काटा आला तर दोन.

हा खेळ मी शोधलेला नाही, स्टेशनं तेवढी माझी. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या अमेरिकन मुलांना एका ओळीतला १ ते १० चा पट खेळायला दिला, पंधरा-वीस मिनिटांच्या मोजक्याच बैठकांत. दुसऱ्या गटाला तोच पट, पण आकड्यांऐवजी रंगांचा. आकडेवाल्या मुलांची मोजणी, आकडे ओळखणं, लहानमोठी संख्या सांगणं हे सगळं सुधारलं आणि नऊ आठवड्यांनीही ती सुधारणा टिकून होती. पुढच्या वर्षी त्यांनी पट गोल करून बघितला तर फायदा नाहीसा झाला. सरळ रांगेत आठ हा आकडा पाचापेक्षा लांब असतो, तिथे पोहोचायला जास्त उड्या, जास्त वेळ, जास्त बडबड लागते. म्हणजे संख्येचा मोठेपणा डोळ्यांना, हाताला आणि कानाला एकदमच जाणवतो. गोलात तो विरघळतो.

म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलाला सापशिडी देण्याची घाई करू नये असं मला वाटतं. खेळ आपलाच आहे आणि मला प्रिय आहे, पण त्यात १ ते १० डावीकडून उजवीकडे आणि ११ ते २० उलटे येतात, वर साप. रांगेची शिस्त लागायच्या आधीच ती मोडते.

यातली खरी मेख २०१४ च्या एका अभ्यासात आहे. गाडी सहावर आहे आणि दोन घरं जायचं आहे. मूल स्वभावतः म्हणतं, "एक, दोन." तसं म्हणत खेळणाऱ्यांपेक्षा "सात, आठ" म्हणत खेळणारी मुलं जास्त शिकली. पण हे मुलाकडून वदवून घेणं महाकठीण, आणि इथे पश्चिम रेल्वे कामाला येते. महालक्ष्मीहून सुटलेल्या गाडीत कोणी "पुढील स्टेशन चर्चगेट" म्हणत नाही. "पुढील स्टेशन?" मी विचारायचो. "सात, लोअर परळ! आठ, प्रभादेवी!" दोन-तीन दिवसांत तिचं ते 'एक, दोन' आपोआप सुटलं. थीमचा उपयोग कुठे होत असेल तर तो इथे. नुसती सजावट म्हणून चिकटवलेला डायनासोर मुलाला काही सांगत नाही. स्टेशनांची रांग सांगते, कारण तिच्यातच क्रम आहे.

आणि दर आठवड्याला थीम बदलायचा अट्टहास कशासाठी, हे मला समजलेलं नाही. २०११ च्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभर त्याच गोष्टी पुन्हापुन्हा वाचून दाखवल्या, आणि दुसऱ्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी, नवे शब्द मात्र तितक्याच वेळा. तीच गोष्ट ऐकणाऱ्यांना शब्द जास्त आले. कंटाळतो आपण. ते "परत, परत" म्हणतात.

खोक्यासोबत एक पत्रकही आलं होतं, 'मेंदूचा मधला भाग जागृत' करण्याच्या क्लासचं. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं रंग ओळखतात म्हणे. मेंदूचा मधला भाग प्रत्येक जिवंत माणसात जागाच असतो, तुम्ही ही ओळ वाचताना डोळे हलवताय त्यातही त्याचा हात आहे. आणि पट्टीखाली नाकाच्या बाजूला जी फट राहते तिच्यातून कोणालाही दिसतं; स्वतः बांधून बघा. वाईट याचं वाटतं की मुलाला सगळ्यांत आधी शिकवलं जातं ते, दिसत असताना दिसत नाही असं सांगायला.

साधनांचं म्हणाल तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा मॉन्टेसोरीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या घेतल्या. मुंबईपासून लोकलच्याच रस्त्याने दोन-तीन तासांवरचं हे उदाहरण, आणि आपण डायनासोर मागवतो.

दहा दिवसांनी चिऊने बंड केलं. गाडी माटुंगा रोडला थांबते, तिचं घर माहीमला. "मामा, तू चीटिंग करतोस. घर येतच नाही." म्हणून एक चौकोन वाढवला, ११. आणि मराठीचा घाट सुरू झाला. चिनीत अकराला 'दहा-एक' म्हणतात. दहापर्यंत चिनी आणि अमेरिकन मुलं बरोबरीने मोजतात, दहाच्या पुढे चिनी मुलं पुढे निघतात, असं १९९५ च्या एका अभ्यासात दिसलं. आपल्याकडे 'अकरा'त दहाही ऐकू येत नाही आणि एकही. एकोणतीस तर तीस यायच्या आधीच तिसाचं नाव घेतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना किती समजावून सांगावं लागलं. मीही तेव्हा हसलो होतो. आता चिऊबरोबर अकरावर अडकल्यावर तेवढं हसू येत नाही.

एप्रिलअखेर तिने चार मटार मागितल्यावर चार दिले. पाच मागितले, पाच. सात मागितले, ओठ हलवत मोजले आणि सात. ताईने पेढे आणले. मी मात्र एक वाचलेलं आठवून छळायचं ठरवलं. कारण 'सात दे' जमणाऱ्या मुलांनाही 'पाचात एक टाकला तर सहा' हे लगेच कळत नाही, असं २०१२ च्या आणखी एका अभ्यासात आढळलं आहे. डब्यात तिच्यादेखत पाच मटार मोजून टाकले, झाकण लावलं. मग झाकणाच्या कडेने आणखी एक आत सरकवला.

"आता किती? सहा की सात?"

"सात."

"पाच होते ना? एक टाकला. पुढील स्टेशन?"

तिने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मामा, झाकण उघड ना मग."