२०० मीटरचं घड्याळ आणि त्यातली रबरी रिंग

'३० मीटर वॉटर रेझिस्टंट' असं लिहिलेलं घड्याळ घालून पोहू नका, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो योग्यच आहे. पण त्यामागचं जे कारण सांगतात ते साफ चुकीचं आहे. पाण्यात हात हलवला की घड्याळावरचा दाब एवढा वाढतो की ते ३० मीटर खोल गेल्यासारखंच होतं, असं ते कारण. दुकानदार हे सांगतात, घड्याळांचे शौकीन एकमेकांना सांगतात, आणि त्यातूनच हात धुण्यासाठी अमुक मीटर, पोहण्यासाठी तमुक मीटर असे तक्ते तयार होतात. आकडेमोड करून बघण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही.

ती सोपी आहे. पाण्यातल्या हालचालीमुळे पडणारा जादा दाब म्हणजे पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने मारला असं धरू. सामान्य पोहणाऱ्याला एवढा वेग जमत नाही. उत्तर येतं १२,५०० पास्कल. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ९,८०० पास्कल. म्हणजे एवढे जोरदार हात मारून घड्याळ फार तर सव्वा मीटर 'खोल' गेलं. विहिरीच्या काठावरून ५ मीटर खाली उडी मारली तर सूत्र सरळ सांगतं की जेवढी उंची, तेवढ्याच मीटर पाण्याचा दाब: इथे ५ मीटर. मनगट पाण्यावर सपाट आपटलं तर दणका याहून बराच मोठा असतो, पण तो सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरता.

मग ३० मीटरचं घड्याळ तलावात दोन फेऱ्या मारताच आतून धूसर का होतं? आणि २०० मीटरचं घड्याळसुद्धा काही वर्षांनी बादलीत भिजून का बंद पडतं?

उदाहरणाला कॅसिओचं एमडीव्ही-१०६ घेऊ. तबकडीवर मार्लिन मासा असलेलं, शौकिनांमध्ये 'ड्युरो' म्हणून ओळखलं जाणारं हे क्वार्ट्झ घड्याळ नावाजलेल्या स्विस डायव्हिंग घड्याळांच्या किमतीच्या अगदी लहानशा अंशात मिळतं. २०० मीटरची क्षमता, आटे फिरवून बंद होणारी चावी, एकाच दिशेने फिरणारं बाहेरचं कडं, २२ मिलिमीटर रुंदीचा पट्टा. पाण्यात उतरल्याची वेळ या कड्यावर लावून ठेवतात. ते एकाच दिशेने फिरतं, कारण चुकून धक्का लागलाच तर पाण्यात घालवलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये.

२०० मीटरवर पाण्याचा दाब २० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर २० किलोंहून थोडा जास्त भार. काचेचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर, आणि तिच्यावर एकूण १४० किलोंच्या आसपास भार. काच जाड हवी, पोलादाची केस भक्कम हवी. या दोन गोष्टी आज स्वस्तात बनवता येतात. पाणी मात्र काच फोडून येत नाही, ते फटीतून येतं. फटी तीन: काचेभोवती, मागच्या झाकणाभोवती आणि चावीच्या दांड्याभोवती. काचेभोवती बहुधा फट बुजवणारं प्लॅस्टिकचं कडं असतं. उरलेल्या दोन ठिकाणी असते ती ओ-रिंग, गोल छेदाची बारीक रबरी रिंग. चावीला आटे असले तरी आटे पाणी अडवत नाहीत. अडवते ती रिंगच.

ही रिंग म्हणजे यंत्रशास्त्रातल्या मला सर्वांत सुंदर वाटणाऱ्या कल्पनांपैकी एक आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले नील्स क्रिस्टेनसेन यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३९ मध्ये मिळालं. बाहेरून बघितलं तर वाटतं, रबर फटीत कोंबलं, झालं बुच. पण नुसतं कोंबून काम भागत नाही, कारण पाण्याचा दाब कोंबण्याच्या दाबापेक्षा वाढला की पाणी रबराला बाजूला सारून आत येईल. ओ-रिंगची करामत अशी की पाणी जितकं जोरात ढकलतं तितकी ती जास्त घट्ट बसते.

हे कसं होतं? रबराचा आकार सहज बदलतो, पण त्याचं घनफळ जवळजवळ बदलत नाही. अभियंते हे पॉइसन गुणोत्तराने मोजतात: पोलादासाठी ते ०.३ च्या आसपास, रबरासाठी जवळजवळ ०.५, आणि ०.५ म्हणजे घनफळ मुळीच न बदलणारा पदार्थ. असं रबर खाचेत कोंडलं की ते द्रवासारखं वागू लागतं आणि पास्कलचा नियम त्यालाही लागू होतो. एका बाजूने लागलेला दाब सगळ्या दिशांना पोचतो. पाणी रिंगला एका बाजूने रेटतं, रिंग खाचेच्या दुसऱ्या भिंतीला टेकते, आणि तोच दाब ती वर झाकणावर आणि खाली केसवर देते. झाकण बसवताना रिंग मुळात थोडी चेपलेली असते, त्यामुळे पाणी नसतानाही धातूवर तिचा काही दाब असतोच. तो समजा ८ बार आहे. पाण्याचे २० बार आले की रिंगचा धातूवरचा दाब होतो साधारण २८ बार. पाणी ५ बारचं असेल तर १३. पाण्यापेक्षा रिंग कायम त्या ८ बारांनी पुढे राहते. आत सरकणाऱ्या झाकणाच्या प्रेशर कुकरमध्ये हेच तत्त्व आहे: वाफ वाढते तसं झाकण आतून रिंगवर जास्त दाबलं जातं.

आता यातून निघणारा निष्कर्ष पहा. खोल पाण्यात रिंगला पाण्याचीच मदत मिळते. उथळ पाण्यात ती मदत नसते. तिथे सगळा भरवसा सुरुवातीच्या चेपण्यावर. ते ८ बार काळाच्या ओघात शून्याजवळ आले तर बादलीभर पाणीही आत शिरू शकतं. डायव्हिंग घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकाने हे नेमकं ओळखलं आहे. त्यात घड्याळ आधी लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली २ तास ठेवतात, आणि मग दाब ०.३ बारवर, म्हणजे जेमतेम ३ मीटर पाण्यावर आणून आणखी एक तास ठेवतात. हा दुसरा, सौम्य वाटणारा तास माझ्या मते जास्त महत्त्वाचा. शिवाय ही चाचणी प्रत्येक घड्याळाची करावी लागते, तेव्हाच तबकडीवर 'डायव्हर्स' हा शब्द लिहिता येतो. सेइकोच्या एसकेएक्स ००७ या डायव्हिंग घड्याळावर तो होता. ड्युरोवर नाही, तिथे नुसतं 'वॉटर रेझिस्ट' आहे. साध्या घड्याळांच्या मानकात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली तरी चालतं.

चेपणं कमी का होतं? रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. वर्षानुवर्षं चेपलेल्या अवस्थेत, उष्णता आणि ऑक्सिजन यांच्या संगतीत, काही दुवे तुटतात आणि नव्या जागी जुळतात. ते चपट्या आकारात जुळले की चपटेपणा हाच रिंगचा मूळ आकार होऊन बसतो. जुनी रिंग काढून बघा, तिचा छेद गोल राहिलेला नसतो. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलेलं घड्याळ ही वाट फार लवकर चालतं. थंडीचा परिणाम वेगळा असतो. थंड रबर सुस्तावतं. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, त्याच्या मुळाशी बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातल्या गारठलेल्या ओ-रिंगा होत्या. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या सुनावणीत त्या रबराचा तुकडा शिकंज्यात चेपून बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि बाहेर काढल्यावर तो लगेच मूळ आकारात येत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं.

म्हणून बॅटरी बदलताना मागच्या झाकणाची रिंगही बदलून घ्या. ती अगदी स्वस्त असते, पण मागितल्याशिवाय सहसा कुणी घालत नाही. तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात असावा. ग्रीस स्वतः पाणी अडवत नाही, पण त्यामुळे रिंग न पिळवटता खाचेत बसते. नंतर घरच्या घरी एक तपासणी करता येते, आणि तीही मानकातलीच आहे: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम करा, काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओलावा आहे. काही डायव्हिंग घड्याळांत आत शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारी झडप असते, तिच्यासाठी जादा पैसे मात्र देऊ नका. हेलियम मिसळलेल्या हवेच्या कोरड्या कक्षांत दिवसच्या दिवस राहणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांखेरीज तिचा कुणालाही उपयोग नाही.

पट्ट्याचंही शास्त्र आहे. डायव्हिंगचा सूट फेसाळ रबराचा असतो. १० मीटरवर एकूण दाब दुप्पट होतो, बॉइलच्या नियमाने त्या फेसातले बुडबुडे निम्म्याकडे आक्रसतात, सूट पातळ होतो आणि बाहीवर बांधलेलं घड्याळ सैल पडतं. सेइकोने १९७५ च्या ६०० मीटरच्या घड्याळाला घड्या असलेला पट्टा दिला तो यासाठी: ताणून बांधला की घड्या उघडतात, आणि मनगट बारीक झालं की आपोआप मिटतात. ब्रिटिश सैन्याच्या १९७३ च्या नायलॉन पट्ट्याने दुसरा प्रश्न सोडवला. एकसंध पट्टा दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं.

बाजारात 'रक्ताभिसरण सुधारणारे' चुंबकीय पट्टेही मिळतात. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, खिळ्यातल्या लोखंडासारखं ते चुंबकाकडे ओढलं जात नाही. तसं असतं तर एमआरआयच्या यंत्रातून कुणी जिवंत बाहेर आलं नसतं. असा चुंबक क्वार्ट्झ घड्याळातली बारीक मोटर अडखळवू शकतो आणि यांत्रिक घड्याळाची वेळ चुकवू शकतो, इतकाच त्याचा प्रभाव.

मालवण-तारकर्लीला पर्यटक जेवढे खोल जातात तेवढ्यासाठी साधा सपाट रबरी पट्टा पुरतो. घेताना केसच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा, ड्युरोला ते २२ मिलिमीटर आहे. चामड्याचा पट्टा खाऱ्या पाण्यात नेऊ नका. नव्या पट्ट्याबरोबर नव्या पिना घाला, आणि समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्यात धुताना पिनांच्या भोकांकडे आणि कड्याच्या खालच्या फटीकडे जास्त लक्ष द्या. मीठ तिथेच साचतं.