आवाज दबलाय? आधी भिंतीवरचं बटण बघा
(इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

जुलै लागला की आमचा फोन थांबत नाही. "डावा स्पीकर गेला." "गोधडीच्या आतून गाणं चाललंय असं वाटतं." "गाणं येतंय, पण तानपुरा कुठे गेला?" यातल्या बहुतेक वेळा स्पीकरला काहीही झालेलं नसतं. त्याची वीज बंद असते, नाहीतर नुकतीच पुन्हा चालू केलेली असते. म्हणून हे पत्रक.

साध्या स्पीकरला अ‍ॅम्प्लिफायरकडून दोन वायरी आल्या की काम भागतं. तुमच्या स्पीकरला त्याशिवाय भिंतीतली वीजही लागते, हे घेताना आम्ही सांगितलेलं असतं आणि सहा महिन्यांत ते विसरलं जातं. छिद्रं असलेल्या दोन जाळ्या आणि त्यांच्यामध्ये ताणून बसवलेला प्लॅस्टिकचा पडदा, एवढाच त्याचा संसार. यालाच पॅनेल म्हणतात. पडदा काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे तुमच्या डोक्यावरचा केस त्यापुढे दोरखंड. त्या पडद्यावर हजारो व्होल्टचा चार्ज कायम ठेवावा लागतो. १९५७ साली बाजारात आलेल्या क्वॉड कंपनीच्या जुन्या स्पीकरमध्ये (क्वॉड ५७) तो खर्जाच्या पॅनेलला सहा हजार आणि वरच्या स्वरांच्या पॅनेलला दीड हजार व्होल्ट आहे. संगीताचा सिग्नल जाळ्यांवर येतो, चार्ज असलेला पडदा त्यांच्यामध्ये मागेपुढे हलतो, आणि तुम्हाला तानपुऱ्याची जवारी ऐकू येते. चार्ज नसेल तर सिग्नल येऊनही पडदा जवळजवळ ढिम्म.

मार्टिन लोगन कंपनीच्या बहुतेक मॉडेलांत खाली साधा वूफर, म्हणजे खर्जाचा नेहमीचा स्पीकर, असतो. बऱ्याच मॉडेलांत तो अ‍ॅम्प्लिफायरवरच चालतो, त्याला भिंतीतली वीज लागत नाही. त्यामुळे बटण बंद असलं तरी खालचा आवाज येतच राहतो. डग्गा ऐकू येतो, तबल्याची चाट ऐकू येत नाही. ग्राहकाची समजूत होते की पॅनेल जळलं.

बटण बंद कोण करतं? लादी पुसताना मावशींचा हात लागतो. "उगाच वीज कशाला जाळायची" म्हणून घरातलं कुणीतरी करतं. गणपतीला गावी निघताना सगळीच बटणं बंद होतात, मग परतल्यावर पहिल्या संध्याकाळी गाणं लावलं की आमचा फोन वाजतो.

मागच्या वर्षी दादरच्या एका काकांचा असाच फोन आला. पाहुणे यायचे होते, दोन्ही स्पीकर मेलेत, आजच या. पुण्याहून निघून, बोरघाटातल्या धुक्यातून आणि पुढच्या ट्रॅफिकमधून पोचायला साडेचार तास लागले. काकूंनी चहा ठेवला. मी टूलकिट उघडायच्या आत काकांनी रेकॉर्ड लावली आणि स्पीकर ठणठणीत वाजले. फोनवर माझ्या सांगण्यावरून त्यांनी बटण तपासलं होतं, बंद होतं म्हणून चालू केलं होतं, पण दहा मिनिटांत फरक दिसला नाही म्हणून "ते नाही हो कारण" असं ठरवून टाकलं होतं. पडद्यावरचा लेप मुद्दाम वीज अगदी सावकाश वाहील असा केलेला असतो. चार्ज सगळीकडे पसरायला वेळ लागतो. कोरड्या हवेत थोड्या वेळात बराचसा आवाज येतो. आठवडाभर बंद राहिलेला स्पीकर आणि मुंबईची ऑगस्टमधली हवा असेल, तर पूर्ण रंगात यायला अख्खी रात्र जाऊ शकते, कारण दमट हवेत चार्ज एकीकडून भरतो आणि दुसरीकडून गळतो.

तेव्हा बटण चालू करा, गाणं लावू नका, आणि उद्या सकाळी ऐका. खोलीत एसी असेल तर तो ड्राय मोडवर ठेवा. हेअर ड्रायर लावू नका. हे लिहावं लागतंय, कारण एकांनी लावला होता. पडद्याचा ताण आणि कडेचा गोंद दोन्ही उष्णतेला घाबरतात. ते पॅनेल शेवटी नवं करावं लागलं.

आता सगळ्यात महाग चूक. आवाज दबलाय म्हणून व्हॉल्यूम वाढवायचा नाही. तुम्ही नॉब घड्याळातल्या दोनच्या पुढे नेता, जाळ्यांवरचा व्होल्टेज चढतो, तेवढ्यात पडदा हळूहळू चार्ज घेऊ लागतो. मग एखादी तान वर जाते आणि आतून "टक्" असा आवाज येतो. अंधारात बघितलंत तर निळी ठिणगी दिसेल. ती ठिणगी पडद्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडते. क्वॉड ५७ च्या वरच्या स्वरांच्या पॅनेलला हे फार लवकर होतं, त्यात बहुधा संरक्षक सर्किट नसतं. १९८१ च्या क्वॉड ईएसएल ६३ मध्ये ते आहे. ५७ वाल्यांना आम्ही बाहेरून बसवून देतो, विचारा.

खरंच बिघाड आहे का, हे तुम्हीही शोधू शकता. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकर वायरींची अदलाबदल करा. दबका आवाज त्याच स्पीकरमध्ये राहिला तर दोष स्पीकरचा. दुसऱ्या बाजूला गेला तर दोष अ‍ॅम्प्लिफायरचा किंवा त्याच्याही आधीचा, आणि मग आमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला बोलवा. वरच्या स्वरांत या स्पीकरचा रोध फार खाली जातो, काहींचा दोन ओहमच्याही खाली. काही अ‍ॅम्प्लिफायरना ते झेपत नाही, ते स्वतःला बंद करून घेतात आणि ठपका स्पीकरवर येतो.

विजेच्या बिलाची चिंता करू नका. पडद्याला व्होल्ट भरपूर लागतात, करंट मात्र नावापुरता. दिवाणखान्यातला नाइट लॅम्पही कदाचित यापेक्षा जास्त खात असेल. मार्टिन लोगनची नवी मॉडेलं गाणं नसताना पॅनेलचा चार्ज आपोआप उतरवतात, त्यामुळे त्यांना धूळही कमी चिकटते. तिथेही भिंतीवरचं बटण चालूच ठेवायचं. मात्र वीज कडाडायला लागली की प्लग सरळ उपटून ठेवा.

धुळीपेक्षा आम्हाला भीती वाटते धुराची. देवघर आणि स्पीकर एकाच खोलीत असतील तर उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती यांचे बारीक कण चार्ज असलेल्या पडद्याकडे ओढले जातात, त्यांचा चिकट थर बसतो, आणि पावसाळ्यात त्याच थरातून चार्ज गळतो. देवपूजा सोडा असं आम्ही म्हणणार नाही. धूप फक्त खिडकीपाशी ठेवा. मार्टिन लोगनची जाळी साफ करायची तर प्लग काढून रात्रभर थांबा, मग व्हॅक्युमच्या मऊ ब्रशने हलकेच. ओलं फडकं नाही, स्प्रे नाही. ईएसएल ६३ ला व्हॅक्युम लावूच नका, तिच्या बाहेरचा धूळ-पडदा ओढीने फाटतो. आणि मागचं झाकण कुठल्याच मॉडेलचं उघडू नका. प्लग काढल्यावरही आत बराच वेळ व्होल्टेज राहतो.

भिंतीपासून तीन फूट हवेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागूनही तेवढाच आवाज निघतो, त्याला जागा लागते. सोफा हलवा, स्पीकर नको.

आता व्हिजिट चार्जबद्दल. बटण चालू करायचे पैसे घेता का, असं तोंडावर विचारलं गेलंय. घेतो. येण्याजाण्यात आमचा एक दिवस जातो आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं पॅनेल टेबलावर तसंच पडून राहतं. पण फोनवर मदत करायचे आम्ही कधीच पैसे घेतलेले नाहीत, पुढेही घेणार नाही. ज्यांनी मृगाच्या आधी आमच्याकडून तपासणी करून घेतली आहे, त्यांच्याकडून त्या पावसाळ्यातल्या पहिल्या खेपेचेही घेत नाही. त्या तपासणीत पॅनेलची गळती मोजतो, हाय व्होल्टेज सप्लाय बघतो, आणि पडदा ढिला झाला असेल तर तसं स्पष्ट सांगतो. जुन्या क्वॉडचे पडदे नव्याने ताणून देतो, पण ते काम पावसाळ्यात घेत नाही. दमट हवेत लेप नीट बसत नाही. दिवाळीनंतर आणा.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा. मॉडेल कोणतं, भिंतीवरचं बटण चालू होऊन किती तास झाले, वायरी बदलल्यावर दोष कुठल्या बाजूला गेला, आणि "टक्" ऐकू आलं का. चौथ्याचं उत्तर हो असेल तर फोन करण्याआधी प्लग काढा.