आंतोनियो कॉश्ता गोव्यात जन्मले नाहीत

‘गोव्यात जन्मलेला मुलगा पोर्तुगालचा पंतप्रधान झाला’ हा मेसेज 2015 पासून फिरतोय. ऐकायला छान, पण चूक.

आंतोनियो कॉश्ता जन्मले लिस्बनला, 17 जुलै 1961 रोजी. तेव्हा गोवा मुक्त व्हायला पाच महिने बाकी होते, त्यामुळे घोळ होणं समजू शकतं. गोव्याचं नातं वडिलांकडून. वडील म्हणजे लेखक ओर्लांदो द कॉश्ता. त्यांचाही जन्म गोव्याबाहेर, मोझांबिकमधला, पण लहानपण मडगावात गेलं. आंतोनियोंना घरात ‘बाबुश’ म्हणतात. कोंकणीत बाबुश म्हणजे बाळ! 2017 मध्ये बेंगळुरूच्या प्रवासी भारतीय दिवसाला त्यांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळालं. तेही नागरिकत्व नव्हे, मूळ भारतीय असलेल्या परदेशी माणसाला मिळणारी सवलत.

बाकी कारकीर्द अस्सल लिस्बनची: तिथेच कायद्याचं शिक्षण, वकिली, मग न्यायमंत्री, महापौर आणि 2014 मध्ये समाजवादी पक्षाचे नेते. 2015 च्या निवडणुकीत तर त्यांचा पक्ष दुसरा आला होता. डाव्या पक्षांचा पाठिंबा जुळवून त्यांनी सरकार बनवलं. विरोधकांनी त्याला ‘जेरिंगोन्सा’, म्हणजे खटारा, म्हणून हिणवलं. खटारा चार वर्षं चालला.