वडशाच्या ठाण्यापासून बंगळुरू तत्त्वांपर्यंत: न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

न्यायाधीशांचं प्रशिक्षण आणि त्यासाठी देशोदेशींनी एकमेकांना केलेली मदत, हा विषय गडचिरोली-यवतमाळकडच्या माणसाला फार लांबचा वाटतो. व्हिएन्ना, हेग, फार तर भोपाळ. तालुक्याच्या कोर्टात पेशीसाठी सकाळपासून ताटकळलेल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध? माझ्या मते संबंध जवळचा आहे. कायदा पाठ असलेल्या न्यायाधीशाला आणखी काय शिकवायला हवं, हा प्रश्न भारतात ज्या प्रकरणामुळे ऐरणीवर आला, ते प्रकरण आपल्याच देसाईगंजचं, म्हणजे वडशाचं.

तारीख २६ मार्च १९७२. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती. मोलमजुरी करून जगणारी एक अनाथ आदिवासी मुलगी भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी रात्री पोलीस ठाण्यात आली होती. जबाब झाले, साडेदहाच्या सुमारास बाकीचे निघाले आणि तिला मागे थांबवण्यात आलं. ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाला, अशी तिची तक्रार होती. आरोपी दोन पोलीस. तिचं नाव पुढे देशभर या प्रकरणाचं नाव होऊन बसलं. मी ते इथे मुद्दाम लिहीत नाही. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून नोंदलेला आहे.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, असा निष्कर्ष वैद्यकीय तपासणीच्या आधारे काढला गेला आणि त्यातून संमतीही गृहीत धरली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी हतबल होऊन शरीर ताब्यात देणं आणि मनापासून होकार देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं खंडपीठाने स्पष्ट म्हटलं. हा फरक आज कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण तो नागपुरात त्या काळी इतक्या नेमकेपणाने मांडला गेला, याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही, हे मला खटकतं. १५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही या कारणांवरून आरोपींना निर्दोष ठरवलं.

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गरीब, आदिवासी मुलीने रात्री ठाण्यात दोन पोलिसांसमोर आरडाओरडा करावा ही अपेक्षा कुठल्या जगातली, असा त्या पत्राचा रोख होता. देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा, गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं पीडितेने न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच न्यायालयाने धरून चालावं, हे कलम ११४-अ ने पुरावा कायद्यात घातलं. भारतीय साक्ष्य अधिनियमात ते आता कलम १२० आहे. पीडितेची ओळख उघड करण्यावरची बंदीही त्याच दुरुस्तीतली.

कलम बदललं. पण ते वाचणाऱ्याची नजर संसदेत ठराव करून बदलत नाही. तिथून प्रशिक्षणाचा प्रश्न येतो.

जगात याचा विचार आधीच सुरू झाला होता. फ्रान्सने न्यायाधीश घडवण्यासाठी १९५८ मध्ये स्वतंत्र संस्था काढली, तीच आज बोर्दोमध्ये आहे. इंग्लंडमध्ये १९७९ मध्ये ज्युडिशियल स्टडीज बोर्ड आलं. अमेरिकेत १९८० मध्ये न्यायालयांतल्या स्त्री-पुरुष भेदभावावर न्यायाधीशांसाठी खास कार्यक्रम सुरू झाला, कॅनडात १९८८ मध्ये राष्ट्रीय न्यायिक संस्था उभी राहिली. आपल्याकडे विधी आयोगाने ११७ वा अहवाल १९८६ मध्ये याच विषयावर दिला. १९९१ च्या ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या निकालात केंद्रात आणि राज्यांत प्रशिक्षण संस्था काढण्याचे निर्देश आले, १९९३ मध्ये राष्ट्रीय न्यायिक अकादमीची स्थापना झाली आणि २००२ मध्ये तिचा भोपाळचा परिसर सुरू झाला. महाराष्ट्राची अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे.

देवाणघेवाणीचा खरा उपयोग मला दिसतो तो नव्वदच्या दशकात. दिल्लीच्या ‘साक्षी’ या संस्थेने भारतीय न्यायाधीशांशी बोलून स्त्रियांवरील अत्याचारांबद्दल त्यांच्या मनात काय समजुती आहेत ते नोंदवलं, आणि कॅनडातल्या न्यायाधीशांच्या अनुभवाचा आधार घेत आशिया-पॅसिफिकमधल्या न्यायाधीशांसाठी समतेवरच्या कार्यशाळा सुरू केल्या. त्यात न्यायाधीश न्यायाधीशांशी बोलत होते. बाहेरच्या तज्ज्ञाने व्याख्यान देऊन निघून जाण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक असतं. याच काळात, १९९७ च्या विशाखा निकालात, सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. भारताने तो करार १९९३ मध्ये मान्य केला होता.

कोर्टाच्या खोलीत यामुळे काय बदललं, ते बघण्यासारखं आहे. ‘साक्षी’च्याच याचिकेवर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अत्याचारग्रस्त मुलीची साक्ष घेताना तिला आरोपीचा चेहरा दिसू नये म्हणून पडदा लावावा. उलटतपासातले घटनेशी थेट संबंधित प्रश्न वकिलाने लिहून न्यायाधीशांकडे द्यावेत आणि ते न्यायाधीशांनी स्पष्ट, पण लाज वाटणार नाही अशा भाषेत विचारावेत. साक्ष देताना तिला पुरेसा विसावा द्यावा. छोट्या गावात आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा, भावकीतला किंवा ज्याच्या वावरात आईबाप मजुरीला जातात त्याच्या घरचा असतो. समोर तो उभा, मागे अर्धं गाव, आणि वकील सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतोय, ‘मग तू ओरडली का नाहीस?’ तिथे पडदा आणि कागदावरचा प्रश्न या दोन गोष्टी साक्ष टिकते की कोसळते हे ठरवतात. पण पडदा लावायचा की नाही, प्रश्न कसा विचारायचा, हे अखेर समोर बसलेल्या न्यायाधीशाच्या जाणिवेवर अवलंबून असतं.

वडशाच्या खटल्यात जिच्यामुळे घात झाला त्या वैद्यकीय तपासणीची गोष्टही विदर्भातच पुढे सरकली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या न्यायवैद्यक विभागातून २०१० च्या सुमारास एक अहवाल आला. बलात्कारपीडितांची तपासणी किती अशास्त्रीय आणि अपमानकारक पद्धतीने होते, हे त्यात दाखवलं होतं. तो नागपूर खंडपीठासमोरच्या जनहित याचिकेचा भाग झाला. जागतिक आरोग्य संघटनेने अशा तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं २००३ मध्येच दिली होती. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानेही आपली काढली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दोन बोटांच्या चाचणीला, म्हणजे शरीरसंबंधांची सवय आहे का हे बोटांनी तपासण्याच्या पद्धतीला, पीडितेच्या खासगीपणाचा भंग म्हटलं आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचा इशारा दिला.

न्यायाधीशांच्या वर्तनाचे नियम जगाने ज्या शहराच्या नावाने ओळखले, तेही भारतातलंच. एप्रिल २००० मध्ये व्हिएन्नात काही देशांचे वरिष्ठ न्यायाधीश जमले, फेब्रुवारी २००१ मध्ये बंगळुरूत त्यांनी मसुदा केला, नोव्हेंबर २००२ मध्ये हेगला तो सुधारला आणि २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने त्याला पाठिंबा दिला. श्रीलंकेचे ख्रिस्तोफर वीरमंत्री या गटाचे अध्यक्ष होते. आपल्या समाजातली विविधता न्यायाधीशाने ओळखावी आणि समजून घ्यावी, असं ही ‘बंगळुरू तत्त्वं’ सांगतात. त्या यादीत वंश, धर्म, लिंग यांच्याबरोबर ‘जात’ हा शब्द स्वतंत्रपणे आहे. आपल्या भागाच्या दृष्टीने मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

भारत शिकवणाऱ्याच्या भूमिकेतही आहे. बांगलादेशाच्या न्यायाधीशांना भोपाळला प्रशिक्षण देण्याचा करार २०१७ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ५० न्यायाधीशांचा ठरलेला दौरा रद्द केला. दोन राजधान्यांमधलं बिनसलं की वर्ग थांबतात, याचं वाईट वाटतं.

आणि काम अजून पुरं झालेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या एका निकालात कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालील, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालील, लैंगिक हल्ला मानला गेला नाही. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. संमतीचा अर्थ जिथे सत्तरच्या दशकात नीट सांगितला गेला, तिथेच हे घडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये, मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात, लिंगभावाबद्दलचं शिक्षण प्रत्येक न्यायाधीशाच्या प्रशिक्षणाचा भाग करा असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालाने न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आणि निवड झाल्यावर कोर्टात बसण्याआधी किमान एक वर्षाचं प्रशिक्षणही सक्तीचं ठेवलं. त्या वर्षात काय शिकवलं जातं, याकडे विदर्भातल्या बार असोसिएशन्सनी आणि आदिवासी संघटनांनी लक्ष द्यायला हवं. महाराष्ट्रातल्या खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, पण भामरागड-एटापल्लीकडून येणारी बाई माडिया या आदिवासी बोलीत बोलते. मोफत दुभाष्याचा आरोपीचा हक्क नागरी व राजकीय हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, तो भारताने १९७९ मध्येच मान्य केला आहे. साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या बाईलाही दुभाषा तितकाच लागतो. दुभाष्याला शपथ कशी द्यायची, तो बाईचं बोलणं स्वतःच्या शब्दांत आवरतं घेत नाही ना हे कसं तपासायचं, ती गप्प राहिली तर ते कागदावर कसं उतरवायचं, याचा सराव गडचिरोलीत नेमणूक होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशाला पहिल्या साक्षीच्या आधी मिळायला हवा.