२६ जुलै २००५: दोष केवळ पावसाचा होता का?

‘एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर कोणतेही शहर बुडणारच’ हे विधान मुंबईच्या २००५ च्या महापुराबाबत आजही ऐकू येते. सांताक्रूझचा हा आकडा खरा आहे. अशा पावसात पाणी साचणे अटळ होते, हेही मान्य करावे लागेल. मात्र पाणी किती चढावे आणि किती काळ तुंबून राहावे, हे एकट्या पावसाने ठरवले नाही. विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारे पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीचे पात्र भरावाने आणि अतिक्रमणांनी आक्रसले होते, विमानतळापाशी तिला काटकोनात वळवून धावपट्टीखालून नेले होते, आणि भरतीचे पाणी सामावून घेणाऱ्या खारफुटीच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले होते. पर्जन्यजलवाहिन्या तर ताशी जेमतेम २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटी गृहीत धरून, बांधलेल्या होत्या. ही क्षमता दुप्पट करण्याची शिफारस करणारा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्येच महापालिकेच्या हाती आला होता. तो बारा वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला. नाले तुंबवणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर सगळे खापर फोडणे अर्थातच सोयीचे होते.